पाट फुटका, तर विहीर पुरणार कशी?



ओलिताची गोष्ट आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. विहिरीला पाणी आहे, मोटार चांगली चालते, तरी शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही, असे झाले तर जाणता कास्तकार लगेच विहीर खोल करायला निघत नाही. तो फावडे खांद्यावर टाकतो आणि पाटाच्या कडेकडेने चालत जातो. कुठे उंदराने बीळ पाडले आहे, कुठे पाणी शेजाऱ्याच्या धुऱ्याकडे वळले आहे, कुठे आपल्याच माणसाने दार उघडे टाकले आहे, हे आधी बघतो. खर्च नंतर, पाहणी आधी.

आजचा विषय संगणकाचा आहे, पण रीत हीच आहे. गेल्या काही वर्षांत पुष्कळ शेतकरी गटांनी, बचत गटांनी आणि घरच्या घरी लोणची-पापड करणाऱ्या भगिनींनी आपली छोटी वेबसाईट काढली आहे. घरातली शिकलेली लेक किंवा सून ती सांभाळते. सुरुवातीला सारे ठीक चालते. मग ऐन हंगामात एक दिवस वेबसाईट उघडतच नाही. पडद्यावर 509 हा आकडा आणि ‘बँडविड्थ लिमिट एक्सीडेड’ अशी पाटी दिसते. होस्टिंगवाल्याला विचारले तर तो म्हणतो, ‘मोठा प्लॅन घ्या.’ घ्यावा का? त्याचा विचार आज करू.

एक उदाहरण धरून चालू

समजा, काटोल-नरखेडकडच्या वीस संत्रा बागायतदारांनी एक गट केला. दरवेळी कळमन्याच्या बाजारात माल नेऊन बोलीच्या भरवशावर बसण्यापेक्षा थोडा माल नागपुरातल्या घरांत थेट द्यावा, असे त्यांनी ठरवले. गिऱ्हाईक धरले धरमपेठेचे. धरमपेठ म्हणजे पश्चिम नागपुरातली जुनी, भरली वस्ती. महानगरपालिकेच्या दहा झोनांपैकी एका झोनला नावच धरमपेठेचे आहे. शेजारी गोकुळपेठेचा बाजार. नोकरदार, डॉक्टर, वकील, पेन्शनर अशी मंडळी. चांगल्या फळाला चांगला भाव देणारी, पण वेळेची किंमत असणारी. मोबाईलवर पेटी मागवता आली तर मागवतील. पान उघडायला दोन मिनिटे लागली तर खाली उतरून गोकुळपेठेतून आणतील.

नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे नावाला मोल आहे. पण आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराचे फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांतच तोडणीला येते. पिकलेले फळ झाडावर थांबत नाही. नोव्हेंबरात पाच-सहा दिवस वेबसाईट बंद पडली, तर तेवढा माल पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात न्यावा लागतो, तोही तो म्हणेल त्या भावाने. म्हणून हा विषय केवळ संगणक शिकलेल्या पोरांचा नाही. घराच्या पैशाचा आहे.

बँडविड्थ म्हणजे काय?

या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यातून घोटाळा होतो. मूळ अर्थ पाईपच्या रुंदीसारखा आहे. एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते, ते माप. होस्टिंगवाले मात्र हाच शब्द महिन्याभरात एकूण किती माहिती बाहेर गेली यासाठी वापरतात. मोटार किती हॉर्सपॉवरची हे वेगळे आणि महिन्याला मीटरवर किती युनिट पडले हे वेगळे. आपल्याला त्रास देते ते दुसरे, मीटरचे माप.

आपली वेबसाईट दूर कुठल्या तरी सर्व्हरवर ठेवलेली असते. धरमपेठेतल्या एखाद्या बाईंनी मोबाईलवर आपले पान उघडले की त्या पानावरची अक्षरे, फोटो, रंगरचना आणि पानामागे चालणाऱ्या आज्ञा, सारे त्या सर्व्हरवरून त्यांच्या मोबाईलकडे जाते. जेवढे गेले तेवढे मीटरवर पडते. ठरलेला आकडा भरला की दार बंद.

आता हिशेब करू. समजा, आपल्या प्लॅनमध्ये महिन्याला 10 जीबी, म्हणजे सुमारे 10,000 एमबी मिळतात. पहिल्या पानावर बागेचे आणि पेट्यांचे 12 फोटो आहेत. मोबाईलने काढले तसेच्या तसे चढवले. प्रत्येकी 3 एमबी. झाले 36 एमबी. वरच्या सजावटीचे आणि जोडसाधनांचे 4 एमबी धरा. एकूण 40 एमबी. 10,000 ला 40 ने भागा. उत्तर येते 250. म्हणजे महिन्यात अडीचशे वेळा पान उघडले की कोटा संपला! धरमपेठेतल्या दोन-तीन मोठ्या इमारतींच्या व्हॉट्सॲप गटांत आपला पत्ता फिरला, तर एका संध्याकाळीच आकडा पुरा होईल.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही पाहा. सेकंदाला 2 मेगाबिट एवढा वेग मिळत असेल, तर 40 एमबीचे पान पुरे उतरायला 160 सेकंद लागतात. आठ बिट मिळून एक बाइट होतो, म्हणून हा हिशेब. पावणेतीन मिनिटे कोण थांबेल?

फोटोचे ओझे

तेव्हा फावडे घेऊन पाटाच्या कडेने निघू. सर्वांत मोठे भोक बहुतेक वेळा फोटोंचे असते.

आपल्या देशात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले. त्या वेळी टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला 9.6 किलोबिट एवढाच वेग मिळे. आजचा 3 एमबीचा एक फोटो त्या तारेवरून आणायचा तर चाळीस मिनिटांहून जास्त वेळ लागला असता. म्हणून त्या काळी प्रत्येक बाइट जपला जाई. वेग वाढला तशी ती सवय सुटली. पाणी मुबलक झाले की पाट कोण बघतो?

मोबाईलच्या पडद्यावर पाहण्यासाठी 1200 पिक्सेल रुंदीचा फोटो पुरेसा होतो. गुणवत्ता 75 ते 80 ठेवली तर असा फोटो शंभर-दीडशे केबीत बसतो आणि संत्र्याचा रंग जरासुद्धा फिका दिसत नाही. हे काम फोटो वेबसाईटवर चढवण्यापूर्वीच करावे. गूगलने काढलेले ‘स्क्वूश’ नावाचे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते. तेही जमत नसेल तर घरगुती युक्ती आहे. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या रीतीने, म्हणजे ‘एचडी’ किंवा ‘डॉक्युमेंट’ न निवडता, घरातल्याच दुसऱ्या माणसाला पाठवावा आणि तिथून उतरवून घ्यावा. व्हॉट्सॲप त्याला वाटेतच पुष्कळ लहान करते.

फोटो कोणत्या जातीचा ठेवायचा, हेही महत्त्वाचे. ‘पीएनजी’ ही जात चिन्हे आणि आकृत्यांना चांगली. बागेच्या फोटोला ती फार जड पडते. फोटोला ‘जेपीजी’ घ्यावी, किंवा त्याहून हलकी ‘वेबपी’. वेबपी ही गूगलने 2010 साली काढलेली पद्धत असून तेच चित्र ती साधारण पाव ते एक तृतीयांश कमी जागेत बसवते. वर्डप्रेसमध्ये ती 2021 च्या 5.8 या आवृत्तीपासून चालते.

वर्डप्रेस म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाईट चालवण्याची ही मोफत प्रणाली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 साली सुरू केली. आज जगातल्या दहापैकी चार वेबसाईटी तिच्यावर चालतात. छोट्या गटांच्या वेबसाईटी तर बहुतेक याच प्रणालीवर असतात. ही प्रणाली आपल्या प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या प्रती आपोआप तयार करते. पण सरकत्या चित्रांची पट्टी दाखवणारी काही जोडसाधने त्या लहान प्रती सोडून मोठीच प्रत उचलतात. म्हणून मूळ फोटोच लहान करून चढवणे सर्वांत खात्रीचे. आणखी एक सोय आहे. वाचकाने पान खाली सरकवले तरच खालचा फोटो मागवायचा, अशी रीत वर्डप्रेसमध्ये 2020 च्या 5.5 या आवृत्तीपासून आपोआप आली आहे. आपली आवृत्ती फार जुनी राहिली असेल तर ती नवी करून घ्यावी.

फोटोत अक्षरे कोंबू नयेत

आपल्याकडे एक सवय फार आहे. भाव, पत्ता, फोन नंबर, घरपोच देण्याचे वार, हे सारे एका रंगीत जाहिरातीत लिहायचे आणि ती जाहिरात चित्र म्हणून पानावर टाकायची. दिसायला बरी. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

देवनागरीतले एक अक्षरचिन्ह साठवायला संगणकाला सामान्यतः तीन बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला एकच लागतो. तरीसुद्धा पाचशे शब्दांचा मराठी मजकूर सुमारे दहा केबीत बसतो. म्हणजे 3 एमबीच्या एका चित्राच्या जागी असे तीनशे लेख मावतील. ‘पाच किलोची पेटी, मंगळवारी आणि शुक्रवारी धरमपेठेत घरपोच’ ही ओळ अक्षरांत लिहिली तर दोनशे बाइटही लागत नाहीत. शिवाय अक्षरांत लिहिलेले गूगलला शोधता येते, म्हाताऱ्या माणसाला मोठे करून वाचता येते आणि भाव बदलला तर दोन मिनिटांत दुरुस्त होते.

या बाबतीत महाराष्ट्रातलाच एक दाखला सांगण्याजोगा आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात 1998 साली सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची मोठी योजना सुरू झाली. ऊसउत्पादकाला आपल्या उसाचे वजन, बिल आणि खताची माहिती गावातल्या संगणक केंद्रावर मिळावी, हा हेतू. पुढे 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्राने तिथे एक प्रयोग केला. सात गावांत आठ महिने, संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा, उत्तर संदेशानेच यायचे. संगणकावर होणारी सारी कामे त्या साध्या फोनवर झाली. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना तीच सोय जास्त पसंत पडली.

आता एक एसएमएस म्हणजे किती? अवघे 140 बाइट. इंग्रजीत 160 अक्षरे, देवनागरीत 70. एवढ्याशा चिठ्ठीत शेतकऱ्याला हवी ती माहिती मावली. गिऱ्हाइकालाही तेवढेच हवे असते. माल कोणता, भाव काय, केव्हा येणार, पैसे कसे द्यायचे. ते आधी अक्षरांत द्यावे. बाकी शोभा नंतर.

व्हिडिओबद्दल एकच सांगणे. बागेचा व्हिडिओ स्वतःच्या वेबसाईटवर कधीही चढवू नये. तो यूट्यूबवर ठेवावा आणि आपल्या पानावर एक लहान चित्र देऊन त्याला दुवा जोडावा. मग त्याचा भार आपल्या मीटरवर पडत नाही.

जोडसाधनांचा गोतावळा

आता ज्याला प्लगइन म्हणतात त्या जोडसाधनांकडे वळू. ट्रॅक्टर एकच, पण त्याला नांगर जोडा, रोटाव्हेटर जोडा, ट्रॉली जोडा. वर्डप्रेसचे तसेच आहे. मूळ यंत्र साधे आणि त्याला हवी ती अवजारे जोडायची. मोफत मिळणारी जोडसाधने पन्नास हजारांहून अधिक आहेत. फुकट म्हटले की हात आखडत नाही. एक चॅटसाठी, एक पडणाऱ्या बर्फासाठी, एक सणाच्या दिव्यांसाठी, एक किती लोक आले ते मोजण्यासाठी. नागपुरात बर्फ कधी पडतो?

नांगर जोडून कुणी बाजाराला जात नाही. पण जोडसाधन तसेच करते. ऑर्डरचा फॉर्म एकाच पानावर असतो, तरी त्या जोडसाधनाच्या आज्ञा आणि सजावटीच्या फाइली पुष्कळदा प्रत्येक पानासोबत पाठवल्या जातात. अशी पंधरा-वीस जमली की पान उघडणाऱ्याला न दिसणारे दोन-चार एमबी सहज निघून जातात. देखण्या मराठी वळणाचा अक्षरसंच जोडला तर तोही शेकडो केबींचा असू शकतो. मोबाईलमध्ये मुळातच चांगली देवनागरी असते. तीच वापरावी.

तपासायचे कसे? संगणकावर आपले पान उघडून एफ-12 ही कळ दाबावी आणि ‘नेटवर्क’ या नावाखाली पाहावे. पान पुन्हा उघडले की एकेक फाइल किती केबीची, आणि खाली एकूण किती, हे सारे दिसते. तो आकडा वहीत लिहून ठेवावा. मग एक जोडसाधन बंद करावे, पुन्हा मोजावे. फरक दिसला तर विचार करावा की हे नसले तर गिऱ्हाइकाचे काही अडेल काय? अडत नसेल तर ते नुसते बंद न ठेवता काढूनच टाकावे. बंद पडून राहिलेले जुने जोडसाधन म्हणजे कुलूप मोडलेले मागचे दार. चोर तिथूनच शिरतो. मात्र हात घालण्यापूर्वी वेबसाईटची एक पूर्ण प्रत काढून घरच्या संगणकावर ठेवावी. छाटणीपूर्वी फांदी ओळखावी लागते, तसेच हे.

दोन जोडसाधनांवर विशेष नजर असावी. पहिले, रोज प्रत काढून दुसरीकडे पाठवणारे. वेबसाईट एक जीबीची असेल आणि रोज पूर्ण प्रत जात असेल, तर महिन्याला 30 जीबी होतात. काही होस्टिंगवाले हेही हिशेबात धरतात. ते विचारून घ्यावे. छोट्या गटाला आठवड्यातून एकदा प्रत पुरे, आणि हंगामात ऑर्डरी रोज येत असतील तर रोज फक्त ऑर्डरींच्या नोंदींची. दुसरे, दर काही सेकंदांनी सर्व्हरला ‘काही नवे आहे का?’ असे विचारत राहणारे चॅटचे साधन. वर्डप्रेसचे स्वतःचेही असे एक ‘हार्टबीट’ आहे. व्यवस्थापनाचे पान उघडे राहिले की ते पंधरा ते साठ सेकंदांनी विचारणा करत राहते. त्यात बाइट थोडेच जातात, पण सर्व्हरचे श्रम वाढतात. काम झाले की ते पान बंद करावे, घरातला दिवा मालवावा तसे.

साठवण आणि दाब

‘कॅशिंग करा, सारे ठीक होईल’ असा सल्ला सर्रास मिळतो. त्यातला एक भेद समजून घ्यावा. कॅश म्हणजे साठवण. सर्व्हरच्या बाजूची साठवण म्हणजे तयार पान रचून ठेवणे. त्याने सर्व्हरचे श्रम वाचतात, पान लवकर निघते. पण ते गिऱ्हाइकापर्यंत जायचे तेवढे जातेच. मीटर कमी होत नाही. मीटर कमी होते ते गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधल्या साठवणीने. ‘हा फोटो महिनाभर बदलणार नाही, पुन्हा मागू नकोस’ असे सर्व्हरने ब्राउझरला सांगून ठेवले, की त्याच बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा तो फोटो त्यांच्या मोबाईलमधूनच दिसतो. पानाच्या मजकुराला आणि भावाला मात्र ही मुदत लहान ठेवावी, नाहीतर कालचा भाव आज दिसेल.

तसेच मजकूर आणि आज्ञांच्या फाइली दाबून पाठवण्याची ‘जीझिप’ नावाची सोय असते. कापसाच्या गाठी बांधतात तशी. तीत मजकूर पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. फोटो आधीच दाबलेले असतात, म्हणून त्यांना तिचा फायदा नाही. या दोन्ही सोयी चालू आहेत की नाहीत, एवढे होस्टिंगवाल्याला विचारले तरी काम होते.

बाहेरून होणारी गळती

घरचे सारे नीट केले तरी मीटर पळत असेल तर बाहेर पाहावे. होस्टिंगच्या व्यवस्थापनात ‘ॲवस्टॅट्स’ नावाचा अहवाल बहुधा असतो. कोणती फाइल किती वेळा गेली, माणसांनी किती नेले आणि यंत्रांनी किती, हे त्यात वेगवेगळे दिसते.

एक गळती म्हणजे परक्याच्या पानावर आपला फोटो. दुसऱ्या कुणी आपल्या संत्र्याच्या फोटोचा थेट पत्ता आपल्या पानात घातला, तर त्याचे पान उघडणारा प्रत्येक माणूस फोटो मागतो आपल्या सर्व्हरकडून. माल त्याच्या दुकानात, वीज आपल्या मीटरवर! याला ‘हॉटलिंक’ म्हणतात. ते थांबवण्याची कळ बहुतेक होस्टिंगमध्ये असते. ती लावताना गूगलला मात्र वाट मोकळी ठेवावी.

दुसरी गळती यंत्रांची. शोधयंत्रांचे रोबो सारी पाने वाचत फिरतात. गूगलचा आला तर आपले भले, त्यातून गिऱ्हाईक येते. पण बाकीचे पुष्कळ येतात. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचेही रोबो येऊ लागले आहेत. ओपनएआय कंपनीचा ‘जीपीटीबॉट’ 2023 साली जाहीर झाला. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या नावाच्या एका साध्या फाइलीत कुणी यावे आणि कुणी येऊ नये, हे लिहून ठेवता येते. ही रीत 1994 पासून आहे. सभ्य रोबो ती पाळतात. जे पाळत नाहीत, किंवा पासवर्ड हुडकत प्रवेशाचे दार रात्रंदिवस ठोठावतात, त्यांना सर्व्हरवरच अडवावे लागते. ती पाटी सभ्य माणसासाठी, कुंपण मोकाट गुरांसाठी.

हे अडवण्याचे आणि साठवणीचे काम करणारी मधली सेवाही मिळते. क्लाउडफ्लेअर ही त्यातली एक, आणि तिचा साधा प्लॅन मोफत आहे. अशी सेवा आपल्या फोटोंच्या प्रती गावोगावच्या आपल्या केंद्रांत ठेवते आणि गिऱ्हाइकाला जवळच्या केंद्रातून देते. मूळ सर्व्हरचे मीटर त्यामुळे पुष्कळ उतरते. तिच्या केंद्रांच्या यादीत नागपूरचेही नाव आहे. पण फोटो हलके करण्याआधी इकडे धावू नये. जड पान जवळून दिले तरी गिऱ्हाइकाच्या मोबाईलचा डेटा तेवढाच जाळणार.

मोठा प्लॅन केव्हा घ्यावा?

आता आपल्या गटाचा हिशेब पुन्हा मांडू. 12 फोटो, प्रत्येकी 100 केबी, म्हणजे 1.2 एमबी. जोडसाधने छाटून बाकीचे 0.8 एमबी. एकूण 2 एमबी. तोच 10 जीबीचा प्लॅन, पण आता अडीचशेऐवजी 5,000 वेळा पान उघडता येते. वीसपट! आणि त्याच संथ जोडणीवर 160 सेकंदांऐवजी 8 सेकंद. यात एक रुपयाही लागला नाही. घरातल्या मुलीच्या दोन-तीन दुपारी लागल्या.

एवढे करूनही, माणसेच जास्त येतात म्हणून कोटा संपत असेल, तर आनंदाने मोठा प्लॅन घ्यावा. तो खर्च धंदा वाढल्याचा आहे. मात्र ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॅनची बारीक अक्षरे वाचावी. त्यातही सर्व्हरच्या श्रमांची, फाइलींच्या संख्येची मर्यादा बहुधा असते.

शेवटी दोन गोष्टी प्रत्येक गटाने आजच कराव्या. वेबसाईटचे नाव आणि होस्टिंगचे खाते गटाच्या नावावर आहे की शहरातल्या वेबसाईट करून देणाऱ्याच्या, हे पाहावे. पासवर्ड गटाच्या दोन जबाबदार माणसांकडे असावेत. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कुणी बगीचा लावत नाही. आणि एक वही करावी. दर महिन्याच्या एक तारखेला मागील महिन्याचे मीटर किती पडले, पान किती एमबीचे आहे आणि किती पेट्यांच्या ऑर्डरी आल्या, हे तीन आकडे लिहावेत. मीटर वाढले आणि ऑर्डरी वाढल्या, तर ठीक चालले आहे. मीटर वाढले आणि ऑर्डरी तिथेच राहिल्या, तर समजावे की पाट कुठेतरी फुटला आहे. बहार येण्याच्या आधी, सप्टेंबरातच एकदा कडेने चालून यावे.